घोडी नही, पाळणा शे

जळगाव, ४ सप्टेंबर १९८६

ती. झुलालमामांना सुनंदाचा नमस्कार.

कामाचं पत्र आहे, म्हणून काम आधी सांगते. मला तुमची लाखी हवी आहे.

इथल्या अपंग मुलांच्या केंद्रात मी रुजू झाले, हे आईने भडगावहून कळवलंच असेल. माझ्या दारावर पाटी आहे, 'व्यवसायोपचार विभाग'. ती कोणाकडून तरी वाचून घेऊन परवा एका बाईंनी विचारलं, "ताई, आठे कोणता धंदा शिकाडतस?" मी म्हटलं, बसायचा, उठायचा, आपल्या हाताने जेवायचा. बाई म्हणाल्या, "मंग मनी पोरले बसाना धंदा शिकाडा."

या तानुबाई. धरणगावजवळच्या खेड्यातल्या. पोरीचं नाव भिकू, वय सात. जन्मली तेव्हा उशिरा रडली. तेव्हापासून पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले आणि कंबर लाकडासारखी. बोलायला मात्र वस्ताद आहे. पण टेकू काढला की आडवी होते. तानुबाई कापूस वेचायला जातात तेव्हा तिला ओट्याच्या खांबाला लुगड्याच्या पट्टीने बांधून जातात. गावच्या शाळेतले रुपचंद गुरुजी म्हणाले आहेत, "जूनपर्यंत पोर न धरता बसायला लागली तर पहिलीत नाव घालतो. धरायला माणूस माझ्याकडे नाही."

आता घोडी कशाला, ते ऐका. घोडी पावलाने चालते तेव्हा तिची पाठ पुढे-मागे, डावी-उजवी, खाली-वर हलते. चालताना माणसाची कंबरही तशीच हलते. जी पोर कधी चाललीच नाही, तिला घोडीवर बसवलं की चालणं म्हणजे काय ते तिच्या कंबरेला कळतं. आखडलेले पाय सैल पडतात, तोल सावरायची सवय लागते. परदेशात असं करतात, हे मी नागपूरला शिकताना वाचलं होतं. म्हणून मला पाठ हलणारी घोडी हवी. लाखीची पाठ किती हलते ते मला ठाऊक आहे. शाळेच्या सुट्टीत तिच्यावर बसले की मामी माझ्या पाठीला तेल चोळायची.

वरातीला तुम्ही तिला आता काढत नाही असं कळलं. सोबत लगाम धरायला तुमच्याकडच्या पुनाला द्या.

तुमची सुनंदा


धुळे, १२ सप्टेंबर

चि. सुनंदाबाईस मामाचे आशीर्वाद.

व्यवसायोपचार हा शब्द मी तुझ्या मामीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग तुमच्या धंद्यालाच आधी औषध द्यायला सांगा." बँडवाले पोरगे ऐन तिथीला गावी पळतात, त्यावर काही गोळी असली तर पाठव.

तुझा मामा चौथी पास, त्यातली तिसरी दोनदा. दुसऱ्याच्या घोडीचा लगाम धरून वरातीपुढे चाललो, तिथून आज घोडे, बग्गी, रोषणाई बठ्ठं घरचं केलं. हे केलं कशाच्या जोरावर? कानाच्या. बाजारात व्यापारी डोळ्याला फसवतो. दाताला कानस मारतो, अंगाला रंग लावतो. पण टापेच्या आवाजाला रंग देता येत नाही. मी पाठ फिरवून उभा राहतो आणि घोडं चालवायला सांगतो.

म्हणून सांगतो, लाखीची चाल म्हणजे खडीवरून चाललेली रिकामी बैलगाडी. आजारी पोरीला तिच्यावर बसवायचं म्हणजे नवलच. पण मला समजतं गं. तू अक्काची लेक, मागून मागून म्हातारी मागतेस. मामाला भार नको म्हणून 'पाठ हलणारी हवी' असं सजवून लिहितेस. तूर्त लाखी ठेवून घे. पुना येतोय. पुढचं माझ्यावर सोड.

झुलाल


जळगाव, २० नोव्हेंबर

ती. मामा,

मी सजवून लिहिलं नव्हतं. खरंच लिहिलं होतं. त्याचा पुरावा देते.

पहिल्या दिवशी भिकूने लाखीच्या आयाळीला अशी मिठी मारली की सोडवायला पुना, मी आणि तानुबाई लागलो. पुना लगाम धरून पुढे, आम्ही दोघी दोन बाजूंना. लाखी आपली हेंदकाळत चालली, भिकू प्रत्येक पावलाला कलायची आणि प्रत्येक पावलाला सावरायची. खाली उतरवली तेव्हा पाय कात्रीतून सुटलेले होते. परत चढले, पण पहिल्यासारखे गच्च नाही. दिवाळीनंतर तर ती लाखीवरून पुनाला हुकूम सोडायला लागली, "ओ भाऊ, आते नाल्याकडथून चाल!"

गेल्या आठवड्यात तानुबाईंनी तिला बाजेवर बसवलं, हातात भाकरी दिली आणि हात सोडले. भिकूने भाकरी संपेपर्यंत बसून खाल्ली. कोणी धरलं नाही. तानुबाईंनी तिच्या हातात आणखी एक भाकरी ठेवली.

भाऊबिजेला भडगावला जाताना वाट वाकडी करून तुम्ही केंद्रात आलात, तेव्हा आमचे चिटणीस मोतीलालशेठ हसून बोलले, "झुलालशेठ, भाचीच्या पदरात मोडीत काढलेला माल टाकलात की!" तुम्हीही हसलात, पण तुमचे कान लाल झालेले मी पाहिले. त्यांचं मनावर घेऊ नका. त्यांना फोटोत चांगली दिसेल अशी घोडी हवी आहे. मला लाखीच हवी. जूनपर्यंत तिला हलवू नका.

सुनंदा


धुळे, २४ डिसेंबर

चि. सुनंदा,

लाखीला नाल मारायला म्हणून पुनाने महिन्याच्या सुरुवातीला इकडे आणलं आणि परत का पाठवलं नाही, म्हणून तू दोनदा निरोप धाडलास. आता ऐक.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात गेलो होतो. तापीच्या काठी कुठून कुठून आलेले घोडे. फिरता फिरता मागून आवाज आला आणि मी जागीच थांबलो. टापा वाजत होत्या, पण जशी एखादी बाई पाटावर हलक्या हाताने शेवया वळतेय. वळून पाहिलं तर पांढरी घोडी, कपाळावर चांदणी, आणि मालक तिच्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला तळहातावर घेऊन बसलेला. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. थेंब सांडला नाही. याला रेवाल चाल म्हणतात. शिंगरू असल्यापासून पाय दोरीने जखडून शिकवतात, तेव्हा कुठे एखादीला येते. पाय चालतात, पाठ जागची हलत नाही. वर बसलेल्याला कळतसुद्धा नाही की घोडी चालतेय.

घेतली. ज्या पोरीची कंबर ताठ, तिला गचके कशाला? मोतीलालशेठला सांग, झुलालची भाची म्हातारी मागते आणि झुलाल राणी देतो. मामाने भाचीला दिलेली वस्तू, परत घ्यायची नसते आणि परत करायचीही नसते.

लाखीची काळजी नको. घरी आहे, कडबा खाते, ऊन खाते.

झुलाल


जळगाव, १८ जानेवारी १९८७

ती. मामांना सा. नमस्कार. मामींना तिळगूळ पोचला असेल.

संक्रांतीला चांदणीचा स्वीकार समारंभ झाला. तुम्ही फेटा बांधून उभे होतात, तो फोटो वर्तमानपत्रात आला आहे, कात्रण सोबत आहे. मोतीलालशेठनी भाषणात तुम्हाला दानशूर म्हटलं. तुम्ही तेव्हा डोळे पुसलेत. तुम्हाला तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

चांदणी फार देखणी आहे. स्वभावानेही गरीब. चालीबद्दल तुम्ही म्हणालात ते अगदी खरं आहे. भिकू तिच्या पाठीवर बसली आणि थोड्या वेळात चक्क झोपून गेली. तानुबाई म्हणाल्या, "ताई, हाई घोडी नही, पाळणा शे."

लाखीची आठवण भिकू काढते. ती बरी असेलच.

आपली, सुनंदा


धुळे, ३ फेब्रुवारी

चि. सुनंदा,

पाळणा! अगं, या एका शब्दासाठी सारंगखेड्याचे व्यापारी जन्म घालवतात. 'हाई घोडी नही, पाळणा शे,' कापूस वेचणाऱ्या बाईने असं म्हणावं, यापरतं प्रमाणपत्र काय? मी दुकानावर पाटी रंगवून घेतली: 'झुलाल पाटील, घोडे व बग्गी. चाल म्हणजे पाळणा.' येणारा-जाणारा वाचून हसतो आणि तिथी ठरवून जातो. आणि पोर झोपली! ज्या पोरीला कुठे आराम नाही, ती माझ्या घोडीवर झोपली. तुझ्या मामीला सांगितलं तर तिनं देवाला दिवा लावला.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं. माझे कान कागदालाही लागतात. आधी 'तुमची सुनंदा' लिहायचीस, आता 'आपली' लिहितेस. शब्द तोलून लिहिल्यासारखे वाटले. काही मनात आहे का? तुझं वय झालं, अक्का बोलत नाही पण झुरते. शिरपूरला एक स्थळ आहे, मुलगा साखर कारखान्यात आहे. लाजू नकोस.

लाखी मजेत. मामी तिला रोज गूळ देते.

झुलाल


जळगाव, ३० मार्च

ती. मामा,

स्थळाबिळाचं काही नाही. कामाचा शीण आहे, इतकंच.

एक विनंती आहे. चांदणीला एकटीला करमत नाही असं वाटतं. तिला सोबत म्हणून लाखीला थोडे दिवस इकडे पाठवता येईल का? मोतीलालशेठना मी सांगेन की नवी घोडी रुळेपर्यंत जुनी हवी. तुमच्या देण्याला त्यात काही कमीपणा नाही. इथल्या टांग्याचं एखादं घोडं भाड्याने घ्यावं असंही मी सुचवून पाहिलं होतं. शेठ म्हणाले, "दारात एवढी राणी असताना टांग्याचं घोडं आणलं तर देणगी देणारे काय म्हणतील? धर्माची गाय, बाई, तिचे दात कसले बघता?"

भिकू होळीपासून आलेली नाही. तानुबाईंना शेतात काम असेल. पण जून जवळ येतोय, म्हणून लाखीचं जरा लवकर पाहा.

सुनंदा


धुळे, ८ एप्रिल

चि. सुनंदा,

लग्नसराई ऐन भरात आहे. जेवायला ताटावर बसतो तर बाहेरून हाक येते, "नाना, नवरदेव उन्हात उभा शे!" त्यामुळे चार ओळीच.

लाखीचा मागचा पाय सुजलाय. प्रवास झेपणार नाही. चांदणीला सोबत हवी असेल तर एखादी शेळी बांध, घोड्याला शेळीची संगत फार मानवते. पोरीचं म्हणशील तर पाळण्यासारखी घोडी दिली आहे, आणखी काय द्यायचं? तिच्या आईलाच खेप जड होत असेल. गरिबाला औषधापेक्षा एस.टी. महाग पडते.

झुलाल


जळगाव, १४ मे

मामा,

काल पुना इथे एका वरातीत आला होता. केंद्रात डोकावला. मी विचारलं, लाखीचा पाय कसा आहे? तो गोंधळला. म्हणाला, "ताई, लाखी घर कोठे शे? ती ते सारंगखेडालेच फेरमा देवाई गई." चांदणीच्या फेरात, म्हणजे बदल्यात, तुम्ही तिला व्यापाऱ्याला देऊन टाकलंत, आणि त्याच्याकडून ती वीटभट्टीवाल्याने नेली. म्हणजे मामी रोज गूळ कोणाला देत होती?

आता मीही लिहिते. चांदणीचा मला काही उपयोग नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मला पाठ हलणारी घोडी हवी होती, हे मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तुम्ही मला जिची पाठ हलत नाही अशी घोडी शोधून, निवडून, फेटा बांधून दिलीत. भिकू तिच्यावर झोपली, कारण तिथे तिच्या कंबरेला काही कामच नव्हतं. खाटेवर टाकली काय आणि चांदणीवर बसवली काय, सारखंच. तिला साध्या पावलाने हळू चालवायला गेलं की ती थांबते. थांबू दिलं नाही की नाचते. नाहीतर परत तीच चाल. शिंगरू असताना बांधलेले पाय ती विसरत नाही. तानुबाईंनी 'पाळणा' म्हटलं ते कौतुकाने नाही, मामा. त्या मला विचारत होत्या की या पाळण्यात माझी पोर काय शिकणार.

भिकूची भाकरी संपेपर्यंतची बैठक फेब्रुवारीत अर्ध्या भाकरीवर आली. होळीनंतर तीही गेली. मी व्यायाम घ्यायची, पण जमिनीवरच्या व्यायामाला ती रडायची. लाखीवर जे हसत व्हायचं ते सतरंजीवर होईना. मग तानुबाईंनी निरोप पाठवला, "पोर बसनं भुली गई, मंग कशाले यिऊ?" व्यायामही बंद पडले.

मला वाटत होतं, लाखी तुमच्या अंगणात आहे. थोडे दिवस जाऊ द्यावेत, तुमचा मान राहील अशा बेताने मागून घ्यावी. त्या अंगणाच्या भरवशावर मी गप्प बसले.

सुनंदा


धुळे, २१ मे

सुनंदा,

तुझं पत्र मामीनं माझ्या आधी फोडलं. दोन दिवस घरात माझ्याशी कोणी बोललेलं नाही, तेव्हा तुझं काम अर्धं झालंच आहे.

मी खोटं बोललो, कबूल. म्हातारं जनावर फेरात जातं, हा बाजाराचा रिवाज आहे; पण तुला सांगितलं तर तू रडशील म्हणून गूळ लिहिला. पण तू काय लिहिलंस? 'चालीबद्दल म्हणालात ते अगदी खरं आहे.' तुझे शब्द आहेत, कागद माझ्यासमोर आहे. आमच्या धंद्यात पाळणा म्हणजे शिखर. तुझ्या धंद्यात पाळणा म्हणजे शिवी, हे मला कोणी सांगायचं? तू शिकलेली. जानेवारीत एक ओळ लिहायची होतीस, 'मामा, घोडी चुकली.' भट्टीवाल्याच्या दारात मी त्याच दिवशी उभा राहिलो असतो. मी रागावलो असतो, आठ दिवस जेवलो नसतो, आणि नवव्या दिवशी लाखी तुझ्या दारात असती.

मला वाटायचं, माझे कान कागदालाही लागतात. कागदाला टापा नसतात, बाई. त्याच्यावरून काहीही चालवता येतं.

काल वीटभट्टीवर जाऊन आलो. मालक म्हणाला, पाडव्यानंतर सेंधव्याकडच्या माणसाला विकली. पुढे माग नाही. चांदणी परत पाठव, मी तिच्या बदल्यात धडधडत चालणारं जनावर आणतो.

झुलाल


जळगाव, २२ जून

मामा,

चांदणी परत मिळणार नाही. मोतीलालशेठ म्हणाले, दान दिलेली वस्तू संस्थेची. तिच्यावरून त्यांच्या पुतण्याची वरात निघाली. घोडीला घाम फुटेपर्यंत नाचवली आणि शेठ सगळ्यांना सांगत होते, "पाळणा आहे, पाळणा!"

शाळेच्या पहिल्या दिवशी मी भिकूच्या गावी गेले होते. धनसिंगभाऊंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला खांद्यावरून शाळेत नेलं. नवा झगा, वेणीला रिबीन. रुपचंद गुरुजी माणूस वाईट नाही. त्यांनी वर्गातली पोरं बाहेर काढली, म्हणजे कोणी हसू नये. बसकरपट्टीवर बसवली आणि म्हणाले, "भाऊ, सोडा." धनसिंगभाऊंनी हात काढला. ती डावीकडे गेली. परत बसवली, परत डावीकडे गेली. तिसऱ्या वेळी तिने स्वतःच गुरुजींना सांगितलं, "गुरुजी, मी आडवी पडीसन शिकसू." गुरुजींनी हजेरीपट बंद केला.

बाहेर आल्यावर तानुबाईंना मी सगळं सांगितलं. चांदणीचं, लाखीचं, तुमचं आणि माझं. त्या ऐकत होत्या आणि भिकूच्या वेणीची रिबीन सोडून घडी घालत होत्या.

सुनंदा


धुळे, ९ जुलै

चि. सुनंदा,

तुला न विचारता मी एक काम केलं. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळाकडून एक तट्टू घेतलं. ओझ्याचं जनावर. चाल ऐकूनच घेतलं; दगडावर दगड पडावा तसं चालतं, पाठ लाखीपेक्षा जास्त हलते. ट्रकमध्ये घालून धरणगावला नेलं, तिथून स्वतः लगाम धरून तानुबाईच्या शेतापर्यंत चालत गेलो. किती वर्षांनी घोड्यापुढे चाललो ते विचारू नकोस.

निंदणी चालू होती. पोर बांधावर बाभळीखाली गोधडीवर पडलेली. टापा ऐकून तिने मान उचलली. मला म्हणाली, "आबा, लाखी शे का?"

मी हो म्हटलं. सुनंदा, इतकं सगळं होऊन मी हो म्हटलं. तोंडातून निघून गेलं. आजारी पोर विचारतेय, तिला नाही कसं म्हणायचं?

तट्टू जवळ नेलं. तिने मानेवरून हात फिरवला, आयाळीत बोटं घातली. म्हणाली, "हाई लाखी नही." आणि तोंड फिरवून घेतलं. उचलून बसवायला गेलो तर असे पाय आवळले की मला दोन्ही हातांनी सुटेनात. घोड्यांचे पाय हाताळण्यात माझा जन्म गेला. असे आवळलेले पाय मी पाहिले नाहीत.

तानुबाई विळा हातात घेऊनच आली. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. म्हणाली, "नाना, मामाले वाटनं भाची रडी, भाचीले वाटनं मामा रुसी. मनी पोर काय तुम्हनं रुसनं-फुगनं काढाले ऊनी व्हती? तुम्हना मान राखाई गया, मनी पोर ऱ्हाई गई."

मी म्हटलं, तट्टू ठेवून घ्या, वैरण मी पाठवतो. ती म्हणाली, "तट्टूनं मंग देखू. आते एक खरं सांगा. पोर बसी का नही?"

मी गावोगावच्या यजमानांना तोंडावर उत्तर देणारा माणूस. तिला मात्र म्हटलं, भाचीला विचारून कळवतो. ती म्हणाली, "कळाडा. पन एकमेकसले ईचारीसन नका कळाडू."

म्हणून तुला लिहितो. डॉक्टर काय सांगतील ते लिही. मला काय वाटेल याचा विचार करू नकोस.

झुलाल


जळगाव, १३ जुलै

मामा,

नाही.

गेल्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांनी तिला केंद्रात तपासलं; एक्स-रे पाहून काय ते त्यांनी परवा मला सांगितलं. मांड्यांच्या शिरा आखडून आखूड झाल्या आहेत आणि डाव्या खुब्याचं हाड खोबणीतून सरकलं आहे. त्या पायांवर घोड्याच्या दोन्ही बाजूंना मांडी टाकून आता तिला बसता येणार नाही. बळाने बसवलं तर हाड आणखी सरकेल. तुम्ही त्या दिवशी जोर केला नाहीत, हे बरं झालं. मुंबईला शस्त्रक्रिया होते. त्याने दुखणं कमी होईल. बसेलच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी दोनदा विचारलं.

तिचे पाय दिवाळीत सुटत होते. हे मी आणि पुनाने डोळ्यांनी पाहिलं आहे.

तट्टू परत घेऊन जा. तानुबाईंना तुम्ही काही कळवू नका. उद्या सकाळच्या गाडीने मी धरणगावला निघते आहे. तिथून पुढे चालत जाईन आणि त्यांना हे असंच सांगेन.

सुनंदा